‘ड्राय’ म्हणजे कोरडें कीं सुकें?

इंग्रजींतील ‘ड्राय’ हें विशेषण दिसावयास लहान, उच्चारावयास सोपें आणि शाळेंत अगदीं आरंभींच पाठ होणारें आहे. ‘ड्राय म्हणजे कोरडें’ एवढें घोकलें कीं विद्यार्थ्याला तो शब्द आला असें समजण्यांत येतें. परंतु एवढ्याच शिदोरीवर कोणी आष्ट्याच्या शेतांतून, गोठ्यांतून आणि स्वयंपाकघरांतून हिंडूं लागला, तर त्याचें फार वेळ निभणार नाहीं.

सांगली जिल्ह्यांतील आष्टा हें कृष्णा व वारणा या दोन नद्यांमधील काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत वसलें आहे. या भागांतील हळदीचेंच उदाहरण घ्यावें. शेतांतून नुकताच काढलेला कंद ती ओली हळद. तो शिजवून उन्हांत वाळविला कीं त्याची सुकी हळद होते, आणि मूळच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्साच उरतो. सांगलीच्या ज्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ती बाजारांत बहुतांशीं याच रूपानें येते. तिचीच पूड पाणी न घालतां जखमेवर दाबली, तर तिला मात्र ‘कोरडी हळद’ म्हणतात. इंग्रजीला या दोहोंसाठीं ‘ड्राय’ हा एकच शब्द पुरतो. मराठी विचारते, गेलेली ओल कोणाची? वस्तूची स्वतःची ओल निघून गेली, तर ती वस्तु सुकी. बाहेरचें पाणी तिला लागलेंच नाहीं, किंवा लागून निघून गेलें, तर ती कोरडी. म्हणून खोबरें, मेवा, मासळी हीं सुकीं. अंगण, पाय, नदीचें पात्र हीं कोरडीं. अर्थात् भाषा कांहीं गणित नव्हे. धुतलेले कपडे देशावर वाळतात आणि कोकणांत सुकतात. पण दोन्हीकडे ते अखेर कोरडेच होतात.

स्वयंपाकघरांत हें विशेषण पाण्याचा संबंधही सोडतें. लोणी न लावलेला पाव इंग्रजाला ‘ड्राय’ वाटतो, तशीच सोबत कांहीं नसलेली भाकरी मराठी माणसाला कोरडी वाटते. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूस भाकरीबरोबरच्या भाजीला किंवा कालवणाला ‘कोरड्यास’ म्हणतात. रश्शानें भरलेल्या भांड्याला असें नांव कां, म्हणून परका पाहुणा चकित होतो. पण तें नांव त्या पदार्थाच्या गुणावरून पडलेलें नाहीं. कोरड्या भाकरीला जें हवें असतें, त्यावरून पडलेलें आहे.

गोठ्यांत जपून बोलावें लागतें. दूध न देणारी गाय इंग्रजींत सरसकट ‘ड्राय’. मराठी शेतकरी विण्यापूर्वीं सुमारें दोन महिने गाभण गाईचें दूध काढणें थांबवितो. त्याला गाय आटविणें म्हणतात. आटलेली गाय उद्यांची दुभती असते. तिला चांगला खुराक द्यावाच लागतो. जिच्या दुधाची आशाच उरली नाहीं, ती भाकड. सैल बोलण्यांत दोघींनाही भाकड म्हणतात, पण बाजारांत या एका शब्दानें जनावराची किंमत उतरते.

इतर ठिकाणीं तर शब्दशः भाषांतर फसतेंच. ‘ड्राय क्लीनिंग’मध्यें कपडे द्रवांतच बुडवितात, तो द्रव पाणी नसतो, एवढेंच. ‘ड्राय वाईन’ कोरडी नसते, गोड नसते. ‘ड्राय’ विनोद करणारा स्वतः हंसत नाहीं, पण ऐकणारा हंसतो. ‘कोरडा विनोद’ म्हटलें तर कोणीच हंसलें नाहीं असा समज होईल. उलट, मदतीचा हात पुढें न करतां दाखविलेल्या सहानुभूतीला मराठी ‘कोरडी’ म्हणते, तें अगदीं नेमकें आहे.

यांत खरा पैशाचा प्रश्न येतो तो जमिनीपाशीं. इंग्रजींतील ‘ड्राय लँड’ मराठींत कोरडवाहू किंवा जिरायत होते. पैकीं ‘जिरायत’ हा शब्द ज्या अरबी शब्दावरून आला, त्याचा अर्थ नुसता ‘शेती’. त्यांत कोरडेपणाचा मागमूस नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत कृष्णा-वारणेला महापूर आले. अशा पुरांत जिरायत शेत पाण्याखालीं बुडालें, तरी दप्तरांत तें जिरायतच राहतें. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठीं केंद्र सरकारनें ठरविलेल्या मदतीच्या दरांत जिरायत पिकाला हेक्टरीं ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये होते. म्हणजे येथें ‘ड्राय’ हा शब्द जमीन आज ओली कीं कोरडी हें सांगतच नाहीं; त्या शेताला पावसावांचून दुसऱ्या पाण्याची शाश्वती नाहीं, एवढेंच सांगतो, आणि त्याच हिशेबानें मदत निम्मी होते.

या सर्व उपयोगांत धागा एकच आहे. जेथें जें असावेंसें वाटतें, तें तेथें नाहीं, एवढें ‘ड्राय’ सांगतो. काय नाहीं, हें सांगत नाहीं. पाणी, रस, लोणी, दूध, गोडी, हंसूं, कीं कालव्याचा पाट, हें भाषांतरकारानें आधीं विचारावें आणि मगच मराठी शब्द निवडावा. कोशांतला पहिला अर्थ उचलून चालत नाहीं. भाकरी, गाय आणि शेत यांना तीन वेगळे शब्द लागतात.