अभिजात भाषांच्या उंबरठ्यावर

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात दर्जा दिला आणि अशा भाषांची संख्या अकरा झाली. २००४ मध्ये तमिळपासून सुरू झालेल्या या यादीने वीस वर्षांत पुष्कळ वाद पाहिले. भाषा किती शतके जुनी असावी, तिची वाङ्मयपरंपरा कितपत स्वतंत्र असावी, शिलालेखांचा पुरावा कसा मोजावा, यावर तज्ज्ञांनी खल केला. निकषही २००५ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये बदलले. भाषेच्या पात्रतेबाबत इतकी चिकित्सा करणाऱ्या व्यवस्थेने त्या भाषेत एम.ए. करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या पात्रतेचा मात्र तेवढ्या गांभीर्याने विचार केलेला दिसत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यानुसार पदवीला कोणताही विषय असलेला विद्यार्थी राष्ट्रीय किंवा विद्यापीठ स्तरावरील प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन कोणत्याही विषयाच्या पदव्युत्तर वर्गात बसू शकतो. याआधी बहुतेक ठिकाणी संस्कृत वा पालीच्या एम.ए.साठी पदवीला तो विषय, निदान त्याच्या काही प्रश्नपत्रिका असाव्या लागत. पारंपरिक पाठशाळांच्या धारेत आजही ‘शास्त्री’नंतर ‘आचार्य’ असाच क्रम आहे. नव्या आराखड्याने विद्यापीठीय धारेतील ही अट सैल केली आणि सगळा भार प्रवेश परीक्षेवर टाकला. माझ्या मते अट सैल झाली ते योग्यच झाले. भार ज्या परीक्षेवर टाकला आहे ती तो पेलण्याजोगी नाही, ही खरी अडचण आहे.

अट सैल करणे योग्य का, याचे उत्तर इतिहासात आहे. या विषयांच्या दारात पूर्वी जे अडसर होते त्यांचा विद्येशी संबंध फार थोडा होता. शालेय वयात संस्कृत शिकू न दिल्यामुळे डॉ. आंबेडकरांना पर्शियन घ्यावी लागली, हे महाराष्ट्रातील वाचकांना सांगायला नको. तिकडे कलकत्त्यात मुहम्मद शहीदुल्ला संस्कृत ऑनर्ससह बी.ए. झाले, एम.ए.साठी विद्यापीठात गेले, तेव्हा वेद शिकवणाऱ्या पंडित सत्यव्रत सामश्रमी यांनी त्यांना शिकवण्यास नकार दिला. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी मार्ग काढला तो तुलनात्मक भाषाशास्त्राचा. १९१२ मध्ये शहीदुल्ला त्या विषयात एम.ए. झाले आणि पुढे बंगाली भाषाशास्त्रातील थोर नाव ठरले. वेदाध्यापनाचे दार मात्र बंदच राहिले. जन्माचा हा अडसर पुरता गेला आहे असेही म्हणवत नाही. २०१९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संस्कृतच्या मुस्लिम प्राध्यापकाच्या नियुक्तीविरुद्ध आंदोलन झाले, ते आपण सर्वांनी पाहिले.

दुसरा अडसर पदवीच्या कागदाचा. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे औपचारिक शिक्षण बेताचेच. संस्कृतसाठी ते पुणे आणि काशीला गेले, पालीसाठी सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश गाठला. पुढे त्यांनी कलकत्त्यात पाली शिकवली, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवली, ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डने त्यांना बोलावले. आजच्या कोणत्याही प्रवेशअर्जात कोसंबींना पहिल्या रकान्यातच अडखळावे लागले असते. त्यांच्याजवळ होती ती एकच पात्रता: समोर ठेवलेली पोथी ते वाचू शकत होते.

प्रवेशाच्या वेळी तपासायची असेल तर हीच गोष्ट तपासायला हवी. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी-पीजी ही परीक्षा २०२२ पासून राष्ट्रीय चाचणी संस्था घेते. अलीकडच्या स्वरूपात तीत ७५ बहुपर्यायी प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक गुण वजा. अमुक ग्रंथ कोणाचा, अमुक दर्शनात प्रमाणे किती, या नाटकाचा नायक कोण, हे अशा परीक्षेला उत्तम विचारता येते. विभक्ती ओळखाही म्हणता येते. पण न पाहिलेला उतारा हाती घेऊन, कोश चाळून, अन्वय लावून त्याचा अर्थ सांगणे हे चार पर्यायांत मावत नाही. मार्गदर्शक पुस्तके पाठ करून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आणि दोन वर्षे संहिता वाचत बसलेला विद्यार्थी यांत ही परीक्षा फारसा भेद करू शकत नाही. परिणामी एम.ए.च्या पहिल्या वर्षी अध्यापकाला एकाच वर्गात शब्दरूपेही शिकवावी लागतात आणि भाष्यग्रंथही.

मी स्वतः इतिहासाचा विद्यार्थी. आमच्या पदव्युत्तर वर्गात समुद्रगुप्ताची प्रयाग प्रशस्ती इंग्रजी अनुवादातून शिकवली जाई आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. याची किंमत सेवेत आल्यावर कळली. एका जिल्ह्यातील इनाम जमिनीच्या तंट्यात मूळ सनद फारसीत होती, अभिलेख कक्षात ती जपूनही ठेवलेली होती, पण जिल्ह्यात ती वाचणारा एकही माणूस शासकीय सेवेत नव्हता. दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा तर्जुमा घेऊन आले होते. (फारसी अभिजात भाषांच्या यादीत नाही, कित्येक शतकांचा राज्यकारभार मात्र तिच्यात आहे.)

ग्रीक आणि लॅटिनच्या जगातही हा पेच आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ मध्ये अभिजात विद्येच्या पदवीसाठी या भाषांची सक्ती काढली, तेव्हा अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. पण संशोधनाच्या पायरीवर भाषावाचनाची अपेक्षा तिकडे टिकून आहे, आणि जे उशिरा या विषयाकडे वळतात त्यांच्यासाठी पेनसिल्वेनियासारखी काही विद्यापीठे पदवीनंतरचा वेगळा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम चालवतात. रसायनशास्त्राचा पदवीधर तिथे आधी भाषा शिकतो, मग पदव्युत्तर वर्गात जातो.

आपल्याकडे हीच मधली पायरी नाही. उलट चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची एम.ए. आली आहे, म्हणजे चुकलेले भरून काढायला मिळणारा अवधी आणखी आखडला. अभिजात दर्जाबरोबर आंतरराष्ट्रीय पुरस्कार, उत्कृष्टता केंद्र आणि केंद्रीय विद्यापीठांत अध्यासने असे लाभ येतात. पूर्वतयारीच्या वर्षाचा त्यांत उल्लेख नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहिमेखाली एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करण्याची घोषणा झाली. शारदा, ग्रंथ, नंदिनागरी, मोडी अशा लिप्यांतील ती पाने छायाचित्रित होतील. पण कोणत्या पोथीत काय आहे, एवढी सूचीतील नोंद करायलाही वाचणारा लागतो.

म्हणून दार सर्वांना उघडे ठेवावे, विषयाची पार्श्वभूमी नसलेल्यांना शिष्यवृत्तीसह एक वर्ष केवळ भाषेचे द्यावे, आणि एम.ए.च्या वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येकासमोर एक अपरिचित उतारा आणि एक कोश ठेवावा. अशी उत्तरपत्रिका यंत्राला तपासता येणार नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण पाली वा प्राकृतच्या दारात वैद्यकीय प्रवेशासारखी लाखोंची रांग नाही. विभागातल्या दोन-तीन अध्यापकांनी काही दिवस बसले तर हे काम उरकते.