पलटणीतला एक्स-रेवाला वॉचमनच्या खुर्चीत का?

सैन्यातून निवृत्त होऊन माणूस गावी आला की त्याच्यासाठी दोनच नोकऱ्या ठरलेल्या असतात, असा आपल्याकडे समज आहे. एक बँकेच्या दारातील बंदूकवाल्याची आणि दुसरी सोसायटीच्या फाटकावरील वॉचमनची. दोन्ही कामे कष्टाची आणि प्रामाणिकपणाची आहेत, त्यांना आम्ही कमी लेखत नाही. पण ज्याने वीस वर्षे लष्करी रुग्णालयात एक्स-रेचे यंत्र चालवले, ज्याने काढलेल्या फिल्मवर डॉक्टरांनी मोडलेली हाडे बसवली, त्यानेही तीच खुर्ची का धरावी, हा आमचा प्रश्न आहे.

आपल्या समाजाला पलटण नवी नाही. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, हे घरोघरी ठाऊक आहे. परंतु सैन्य म्हणजे केवळ बंदूक नव्हे. ३ एप्रिल १९४३ रोजी स्थापन झालेल्या आर्मी मेडिकल कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय दलात, नर्सिंग असिस्टंट, प्रयोगशाळा सहायक, शस्त्रक्रियागृह सहायक आणि रेडिओग्राफर असे अनेक ट्रेड आहेत. लखनौच्या केंद्रात भरती होऊन पुढे पुण्याच्या कमांड हॉस्पिटलसारख्या ठिकाणी सेवा केलेली मुले आपल्याही वस्त्यांत आहेत. त्यांच्यासाठी आणि विशेषतः त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

हातातील विद्या मोठी आहे

क्ष-किरणांचा शोध रोंटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये लावला. त्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीवर ब्रिटिश लष्करी डॉक्टर बीव्हर यांनी एक्स-रेचे यंत्र नेऊन जखमी शिपायांच्या अंगातील गोळ्या शोधल्या. पहिल्या महायुद्धात मादाम क्युरी यांनी मोटारगाड्यांवर यंत्रे बसवून ती आघाडीवर पाठवली आणि सुमारे १५० स्त्रियांना हे काम शिकवले. म्हणजे एक्स-रे आणि लष्कर यांची जोडी या विद्येच्या बालपणापासूनची आहे.

लष्करी रेडिओग्राफरला यंत्राशिवाय आणखीही पुष्कळ येते. अपघाताचा रुग्ण स्ट्रेचरवरून न हलवता फोटो कसा घ्यावा, वॉर्डातील फिरते यंत्र कसे वापरावे, एकही फिल्म वाया न घालवता पहिल्याच वेळी बरोबर कोन कसा साधावा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. शिशाचा एप्रन घडी घालून ठेवू नये, नाहीतर आतील शिशाला भेगा पडतात, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले की किरणांची मात्रा चौथ्या हिश्शावर येते, हा नियम त्याने पाठ केलेला नाही, पाळलेला आहे.

घोडे अडते ते कागदापाशी

आम्ही कारकुनी करणारी माणसे आहोत. टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्याला समोरच्याचा हात दिसत नाही, कागद दिसतो, हे आम्हाला रोज अनुभवास येते. आमच्या परिचयातील एका निवृत्त हवालदारांचेच पाहा. काम उत्तम, वर्तणूक उत्तम. सरकारी जागेची जाहिरात आली आणि तिच्यात रेडिओग्राफीचा दोन वर्षांचा डिप्लोमा मागितला होता. यांच्या हाती डिस्चार्ज बुक आणि त्यात ट्रेडचे नाव एका ओळीत. अर्ज बाद झाला. आज ते एका इमारतीच्या फाटकावर रात्रपाळी करतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मॅट्रिक झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट क मधील राखीव जागांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरले जाते, हे खरे आहे. पण ही सवलत जेथे तांत्रिक अनुभव आवश्यक नाही अशा पदांसाठी आहे. तिच्या बळावर कारकुनाच्या जागेला अर्ज करता येईल, एक्स-रे तंत्रज्ञाच्या नव्हे. रेल्वे भरती मंडळ रेडिओग्राफरसाठी भौतिक व रसायनशास्त्रासह बारावी आणि रेडिओग्राफीचा दोन वर्षांचा डिप्लोमा मागते. तेथे पदवीची समकक्षता कामाला येत नाही.

म्हणून सेवेत असतानाच पुढील कागद गोळा करावेत. ट्रेड प्रशिक्षणाचे मूळ प्रमाणपत्र, त्यात अभ्यासक्रमाचा कालावधी आणि विषय स्पष्ट लिहिलेले असावेत. ते कोणत्या डिप्लोम्याशी समकक्ष मानले जाते याचे पत्र. कोणकोणत्या यंत्रांवर किती वर्षे काम केले, साधा एक्स-रे, सी.टी. स्कॅन, एम.आर.आय., याचा रुग्णालयाच्या शिक्क्याचा दाखला. बारावी राहिली असेल तर तीही सेवेतच विज्ञान विषय घेऊन करावी. समकक्षता मिळत नसेल तर मान्यताप्राप्त डिप्लोम्याचा विचार निवृत्तीपूर्वीच करावा. पुनर्वसन महासंचालनालयाच्या अभ्यासक्रमांची चौकशीही वेळेत व्हावी. पलटणीत असताना जो शिक्का एका अर्जावर मिळतो, त्यासाठी घरी आल्यावर सहा-सहा महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

आणखी एक नोंद फार मोलाची आहे. छातीवर लावायचा टीएलडी बॅज अंगावर किती किरण पडले ते मोजतो. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणकामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घातली आहे. आजवरच्या मात्रेची नोंद सोबत आणावी. नव्या मालकाने मागितल्यास जुन्या ठिकाणाहून ती मिळण्याची तरतूद २००४ च्या विकिरण संरक्षण नियमांत आहे. ही नोंद नोकरीसाठी हवीच, शिवाय ती आपल्या शरीराचा हिशेब आहे.

वयाचे गणित

आम्ही बी.कॉम.वाले, तेव्हा थोडे गणित मांडतो. केंद्र सरकारच्या गट क पदांसाठी माजी सैनिकाच्या वयातून सैन्यसेवेची वर्षे वजा करतात, आणि उरलेले वय कमाल मर्यादेपेक्षा ३ वर्षांहून जास्त नसेल तर तो पात्र ठरतो. विसाव्या वर्षी भरती होऊन चाळिसाव्या वर्षी निवृत्त झालेल्याचे हिशेबी वय २० येते. मर्यादा ३० असेल तर त्याला ३३ पर्यंत वाव आहे, म्हणजे प्रत्यक्षात वयाच्या ५३ व्या वर्षापर्यंत. पाहायला वेळ भरपूर वाटतो. पण फाटकावर बसलेल्याचेही प्रत्येक वर्ष या हिशेबातून कमी होत असते आणि हाताची सवयही सुटत जाते.

गट क मध्ये माजी सैनिकांसाठी केंद्रात १० टक्के, तर महाराष्ट्रात १५ टक्के जागा आहेत. हे आरक्षण समांतर आहे, म्हणजे निवड झालेला उमेदवार आपापल्या सामाजिक प्रवर्गात धरला जातो. म्हणून आपल्या बांधवांनी माजी सैनिकाच्या दाखल्याबरोबर अनुसूचित जातीचा दाखला आणि राज्याच्या नोकरीसाठी जात वैधता प्रमाणपत्रही तयार ठेवावे. १९९० साली बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात झाला, त्यामुळे केंद्राच्या सेवेतही हा हक्क आहे. सेवापुस्तकातील नाव, आडनाव आणि धर्माची नोंद शाळेच्या दाखल्याशी जुळते का, हे निवृत्तीआधी पाहावे. एका अक्षराच्या फरकाने नेमणुका अडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

केंद्राच्या नियमांतील आणखी एक खाच. माजी सैनिक म्हणून सवलत घेऊन एकदा कायम सरकारी नोकरी धरली की पुढच्या नोकरीसाठी तीच आरक्षणाची सवलत सहसा मिळत नाही. मात्र रुजू होण्यापूर्वी इतरत्र अर्ज केलेले असतील, तर रुजू होताच त्यांची माहिती लेखी द्यावी, म्हणजे त्या अर्जांपुरता हक्क शाबूत राहतो. कंत्राटी नोकरीने तो जात नाही.

काम कोठे आहे

सार्वजनिक आरोग्य विभागातील क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी, रेल्वेची रुग्णालये, कामगार विमा रुग्णालये, महापालिकांची रुग्णालये ही सरकारी दारे. एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या ईसीएचएस योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये कंत्राटी रेडिओग्राफर घेतात आणि तेथे माजी सैनिकांना प्राधान्य असते. निवृत्तीनंतरचा पहिला मुक्काम म्हणून ही जागा चांगली, कारण रुग्ण ओळखीच्या जगातले असतात आणि हातही चालू राहतो. खासगी रुग्णालये आणि निदान केंद्रे तर जिल्ह्या-तालुक्याला झाली आहेत. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांनाही इतरांना यंत्र शिकवणारी अनुभवी माणसे लागतात. केंद्राने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला असून त्यात प्रतिमा तंत्रज्ञांचा स्वतंत्र गट आहे. यापुढे परिषदेकडील नोंदणीला महत्त्व येणार, हे ओळखून पावले टाकावीत.

येथे सावध राहा

खासगी केंद्रात काही मालक लष्करी शिस्तीच्या माणसाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावतात आणि यंत्रावर शिकाऊ पोराला बसवतात. असा सौदा कदापि करू नये. कागद आपला असेल तर जबाबदारीही आपलीच. बॅज आणि एप्रन न देणाऱ्या ठिकाणी एक दिवसही काम करू नये.

सोनोग्राफीबाबत तर फारच जपावे. ते काम कायद्याने पात्र व नोंदणीकृत डॉक्टरचे आहे, तंत्रज्ञाचे नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्राने केला, नंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला. पहिल्याच गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. चार पैशांसाठी मुलीच्या जिवावर उठणाऱ्या धंद्याला आपला हात लागता कामा नये.

घरच्यांचा वाटा

निवृत्त माणूस पहिले वर्षभर गोंधळलेला असतो. पलटणीत हुकूम होता, क्वार्टर होते, कँटीन होती. येथे बिलाचा काउंटर आहे, घाईतले नातेवाईक आहेत आणि वयाने निम्मा असलेला मालक आहे. पहिला पगार हुद्द्याला शोभणारा नसतो. अशा वेळी 'पेन्शन आहे ना, बसा घरी' किंवा 'मिळेल ते धरा' हे दोन्ही सल्ले घातक आहेत. घरच्या बाईने त्यांच्या कागदांची एक फाईल करावी, प्रत्येकाच्या तीन साक्षांकित झेरॉक्स ठेवाव्यात. शिकलेल्या मुला-मुलीने भरतीच्या जाहिराती पाहाव्यात आणि वडिलांचे अर्ज भरावेत. निवृत्त होताच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे. निवृत्तीला एक वर्ष उरले असतानाच नागरी पदांसाठी अर्ज करता येतो, हेही विसरू नये.

आपल्या वस्तीत वैद्यकीय दलातील कोणी या वर्षी-पुढच्या वर्षी घरी येणार असेल, तर विहारातल्या सभेची वाट पाहू नका. आजच त्याला पत्र लिहा किंवा फोन करा, आणि एवढेच विचारा: ट्रेडचे प्रमाणपत्र हातात घेतलेस का?