म्हातारपणी सांभाळायला कोणीतरी हवे

वृद्ध माणसाच्या घरात पाळीव प्राणी आला की सोबत येते आणि तिच्याबरोबर कामही येते. सोबतीचे कौतुक सगळेच करतात. कामाकडे मात्र ‘या वयात कशाला हा व्याप?’ अशा नजरेने पाहिले जाते. प्रत्यक्षात प्राण्यामुळे उतारवयात जे भले होते, त्याचा मोठा वाटा या व्यापातूनच येतो. निवृत्तीनंतर कचेरी सुटते, मुले दूरच्या शहरात किंवा परदेशी जातात, जोडीदार जातो, स्वयंपाकघर दुसऱ्याच्या हाती जाते. सगळे ज्याची काळजी घेतात, पण ज्याच्यावाचून कोणाचेच अडत नाही, अशी माणसाची गत होते. सकाळी सहाला दाराशी जाऊन उभा राहणारा कुत्रा ही गत बदलतो.

आजारी माणसाजवळ प्राणी ठेवण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांनी १७९६ साली सुरू केलेल्या मनोरुग्णांच्या आश्रमात अंगणात ससे आणि कोंबड्या असत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात दीर्घकाळ खोलीत अडकलेल्या रुग्णांसाठी लहान पाळीव प्राण्याची शिफारस केली आहे. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी आपल्या जिंगल्स या कुत्र्यासमोर अबोल मुले मोकळी होतात हे मांडले आणि विषय अभ्यासकांपर्यंत पोहोचला. वृद्धांच्या बाबतीतला एक सुरुवातीचा प्रयोग १९७५ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. एकट्या राहणाऱ्या काही निवृत्तांना बजरीगर पक्षी दिले गेले, काहींना बिगोनियाचे रोप. पक्षी मिळालेल्यांचा शेजारपाजाऱ्यांशी संबंध वाढला आणि स्वतःच्या प्रकृतीविषयीचे त्यांचे मत सुधारले.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण मात्र अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात न्यू बर्लिन या लहानशा गावी घडले. तिथल्या चेस मेमोरियल शुश्रूषागृहात सुमारे ८० वृद्ध राहत होते. निम्मे शरीराने परावलंबी आणि पाचांपैकी चार जण अल्झायमर किंवा तत्सम विकाराने ग्रासलेले. १९९१ साली बिल थॉमस हे तरुण डॉक्टर तिथे वैद्यकीय संचालक म्हणून आले. औषधे वेळेवर मिळत होती, जेवण बरे होते, तरीही माणसे कोमेजलेली होती. थॉमस यांनी या कोमेजण्याची तीन कारणे मानली. एक कंटाळा, दुसरे एकाकीपण आणि तिसरे असहायता. या तिन्हींवर गोळी नाही. त्यांनी इमारतीत जीवसृष्टी आणायचे ठरवले. दोन कुत्रे, चार मांजरी आणि शंभर पक्षी. राज्याच्या नियमांत एवढे बसत नव्हते, पक्षी तर मुळीच नाहीत. खास परवानगी आणि अनुदान मिळवून काम सुरू झाले.

पक्षी आले त्या दिवशी पिंजरे पोहोचलेच नव्हते. पोहोचवणाऱ्याने शंभरही पक्षी तळमजल्यावरील केशकर्तनाच्या खोलीत सोडून दिले आणि तो निघून गेला. नंतर पिंजरे आले, तेही सुट्या भागांच्या खोक्यांत. कर्मचारी पिसांच्या गर्दीत पक्षी पकडत होते आणि काचेबाहेर जमलेले वृद्ध पोट धरून हसत होते. कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही खऱ्या होत्या. कुत्र्याची घाण कोणी काढायची, हा प्रश्न परिचारिकांनी विचारला आणि तो योग्यच होता. पण हळूहळू ज्यांना बोलता येत नाही असे मानले गेले होते ते बोलू लागले. जे खोलीबाहेर पडत नसत ते परिचारिकांच्या टेबलाशी येऊन ‘मी कुत्र्याला फिरवून आणतो’ असे सांगू लागले. शंभर पक्ष्यांना वृद्धांनी दत्तक घेतले आणि प्रत्येकाला नाव ठेवले. दोन वर्षांच्या तुलनेत शेजारच्या एका शुश्रूषागृहापेक्षा इथल्या माणसांना लिहून दिलेल्या औषधांची संख्या निम्म्यावर आली, औषधांचा एकूण खर्च त्या गृहाच्या ३८ टक्के राहिला आणि मृत्यू १५ टक्क्यांनी घटले. चित्त शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या विशेष कमी झाल्या. बागही फुलवली होती, मुलांची ये-जा होती, म्हणून सगळे श्रेय एकट्या प्राण्यांना देता येत नाही. पण जिवंत, गरजू असे काहीतरी सांभाळायला मिळाले, हे सर्वांच्या मुळाशी होते.

ही हकीकत जगभर पोहोचली ती शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांच्या २०१४ सालच्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकामुळे. त्याच पुस्तकात त्यांचे आजोबा सीताराम गावंडे येतात. विदर्भातल्या उटी गावचे हे शेतकरी शंभरी ओलांडूनही रोज रात्री घोड्यावर बसून शेताची फेरी मारत. पडतील म्हणून मुलांना धास्ती होती. तरी मुलांनी ती फेरी बंद केली नाही. लहान घोडा आणला आणि सोबत माणूस दिला. वृद्ध आणि प्राणी यांच्याविषयी घरच्यांनी काय करावे, याचा यापेक्षा चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

प्राण्यामुळे नेमके काय घडते? पहिली गोष्ट वेळापत्रक. कुत्र्याला पोटदुखी किंवा पावसाचे कारण चालत नाही, म्हणून माणूस उठतो, चालतो, रस्त्यावर चार माणसांशी बोलतो. कुत्र्याच्या निमित्ताने अनोळखी माणसेही थांबतात, ‘चावतो का हो?’ असे विचारतात आणि ओळख वाढते. दुसरी गोष्ट स्पर्श. एकट्या वृद्धाला कोणी हात लावण्याचे प्रसंग फार कमी येतात. जपानच्या अझाबू विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखवले की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे टक लावून पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्ह्या बाळातील जिव्हाळ्याशी याच संप्रेरकाचा संबंध आहे.

यासाठी कुत्राच हवा असे नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अल्झायमरच्या ६२ रुग्णांच्या भोजनकक्षांत माशांच्या टाक्या ठेवल्या गेल्या. रुग्णांचे जेवण वाढले आणि १६ आठवड्यांत सरासरी वजन पाऊण किलोच्या आसपास वाढले. जेवताना उठून भटकणाऱ्या माणसाला माशांची हालचाल जागेवर बसवत असावी. दक्षिण कोरियात तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वृद्धांना पिंजऱ्यात पाळायला रातकिडे दिले होते. आठ आठवड्यांनी त्यांच्या नैराश्याच्या लक्षणांत घट दिसली. पाळीव जीव इतका लहान आणि स्वस्त असला तरी चालतो, ही बातमी अंथरुणावरच्या माणसासाठी मोलाची आहे.

हृदयविकाराच्या बाबतीत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांचा १९८०चा अभ्यास वारंवार सांगितला जातो. हृदयरोग कक्षातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांपैकी प्राणी पाळणारे ५३ होते. त्यांच्यातले ३ जण वर्षभरात दगावले. न पाळणाऱ्या ३९ जणांतले ११ दगावले. स्वीडनमध्ये २०१७ साली ३४ लाख लोकांच्या नोंदी तपासल्यावर एकट्या राहणाऱ्यांपैकी कुत्रा पाळणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी आढळला. तरीही हे आकडे जपून वाचले पाहिजेत. जो धडधाकट असतो तोच कुत्रा पाळतो, ही शक्यता उरतेच. ऑस्ट्रेलियात ६० ते ६४ वयाच्या २,५५१ जणांच्या पाहणीत प्राणी पाळणाऱ्यांची प्रकृती अधिक चांगली दिसली नाही. उलट त्यांच्यात नैराश्याची लक्षणे थोडी जास्त होती. प्राणी हे औषध म्हणून लिहून देण्यासारखे नाही. ज्याला जनावरांची आवड कधीच नव्हती, त्याच्या गळ्यात मुलांनी पिल्लू बांधणे हा दोघांवरही अन्याय आहे.

धोक्यांत पहिला धोका पडण्याचा. अमेरिकेत पट्टा धरून कुत्रा फिरवताना हाड मोडलेल्या ६५ वर्षांवरील रुग्णांची वार्षिक संख्या २००४ साली सुमारे १,६७१ होती. २०१७ साली ती ४,३९६ झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि सर्वांत जास्त मोडले ते खुब्याचे हाड. तीस किलोचा लॅब्रॅडोर मांजरामागे धावला की सत्तरीतल्या आजींना तो आवरत नाही. म्हणून लहान किंवा शांत स्वभावाचा, इथल्या हवेला सरावलेला देशी कुत्रा बरा, आणि पट्टा मनगटाला गुंडाळू नये. रेबीजची लस चुकवू नये, कारण लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय जवळजवळ नाहीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मांजराचा लहानसा ओरखडाही धुऊन डॉक्टरांना दाखवावा. दमेकऱ्यांनी पक्षी टाळावेत.

पक्ष्यांबाबत एक गोष्ट मराठी घरांत अजूनही ठाऊक नसते. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. दुकानात बहुतेक वेळा ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे बजरीगर परदेशी असल्याने ते पाळता येतात. प्राणी पाळणाऱ्या वृद्धांना सोसायटीत त्यावरून त्रास दिला जात असेल, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना त्यांच्या बाजूने आहेत. प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालणे किंवा लिफ्ट नाकारणे गृहनिर्माण संस्थेला त्यांनुसार करता येत नाही. मालकाने मात्र लसीकरण आणि स्वच्छता सांभाळायला हवी.

वयाचा हिशेबही आधीच मांडावा. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो, घरातले मांजर त्याहून अधिक. पंचाहत्तरीत पिल्लू आणण्यापेक्षा आश्रयगृहातला पाच-सहा वर्षांचा कुत्रा आणणे शहाणपणाचे. त्याची खोडकर वर्षे संपलेली असतात आणि अशा कुत्र्याला घर मिळणे एरवी कठीण जाते. एकट्या माणसाने आपण दवाखान्यात दाखल झालो तर प्राणी कोणाकडे जाईल हे शेजारी किंवा नातेवाइकाशी बोलून ठरवावे. अनेक वृद्ध प्राण्याला ठेवायला जागा नाही म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, आणि ते टाळता येण्याजोगे आहे. लसीकरणाचे कार्ड, खाण्याच्या वेळा, पशुवैद्याचा फोन आणि सांभाळणाऱ्याचे नाव एका कागदावर लिहून तो फ्रिजच्या दारावर लावून ठेवावा. घराची एक किल्ली त्या सांभाळणाऱ्याकडे द्यावी.