तिसरा फिन

सर्फबोर्ड उलटा करून पाहिलात तर शेपटाकडे बहुधा तीन फिन दिसतील. ही रचना रुळवली ती सिडनीच्या नॅराबीन किनाऱ्यावरच्या सायमन अँडरसन यांनी. ते स्पर्धेत उतरणारे सर्फर आणि स्वतःच्या हातांनी बोर्ड घडवणारे शेपरही.

त्या काळी दोन फिनच्या बोर्डांची चलती होती. मार्क रिचर्ड्स त्यांवरच जगज्जेते होत होते. पण अँडरसन चांगलेच धिप्पाड. मोठ्या लाटेवर त्यांच्या पायाखालून हा बोर्ड घसरायचा. एकाच फिनचा बोर्ड पकड धरी, मात्र वळायला जड.

1980 मध्ये त्यांनी एका मित्राच्या दोन फिनच्या बोर्डाला मागे छोटासा तिसरा फिन पाहिला आणि डोक्यात चक्र सुरू झालं. फोमचा ठोकळा घेतला, रंधा मारून आकार दिला, घासला, वर फायबरग्लास आणि रेझिन चढवलं. तिन्ही फिन एकाच मापाचे बसवले: दोन कडांजवळ, टोकं किंचित आत वळवलेली, तिसरा मधोमध मागे. नाव ठेवलं थ्रस्टर. बाजूचे फिन वेग देतात, मधला शेपूट घसरू देत नाही.

1981 च्या ईस्टरला बेल्स बीचवर अक्राळविक्राळ लाटा उसळल्या. तिथली स्पर्धा अँडरसन याच बोर्डावर जिंकले. त्याच वर्षी हवाईतली पाइपलाइन मास्टर्सही. माझ्या मते कुठल्याही जाहिरातीहून ही चाचणी मोठी.

पेटंट त्यांनी घेतलंच नाही. पोट भरलं ते बोर्ड घडवूनच, पुढची कित्येक दशकं.