इंजिन ‘जाम’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या गाड्या नव्याने उभ्या करण्याचा छंद असलेल्या माणसाला विचारा, सगळ्यांत वाईट क्षण कोणता? दोन-दोन वर्षं खपून, सुटी सुटी केलेली गाडी पुन्हा जोडत आणलेली असते. इंजिन गाडीत बसलेलं असतं, शेवटचे बोल्ट आवळलेले असतात. मोठ्या उमेदीने किल्ली फिरवावी, तर ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि सगळं शांत. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘टक्’. बॅटरी भरलेली, वायरी ठीक. पाना लावून इंजिन हाताने फिरवायला जावं, तर ते केसभरही हलत नाही. अशा वेळी तोंडातून एकच वाक्य बाहेर पडतं : ‘इंजिन जाम झालं!’

मंडळी, आज या एका वाक्याविषयीच बोलायचं आहे. ‘इंजिन जाम झालं’ हे निदान नव्हे, ती नुसती तक्रार आहे. ‘पोट दुखतं’ एवढं ऐकून कोणी शहाणा डॉक्टर लगेच सुरी हातात घेत नाही. कधीपासून, काय खाल्लं, कुठे दुखतं, हे तो आधी विचारतो. इंजिनालाही तसंच विचारावं लागतं.

उदाहरण घेऊ अमेरिकेतल्या ‘मसल कार’चं. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं दणकट इंजिन बसवायचं, ही त्यामागची साधी कल्पना. 1964 साली पाँटिॲक कंपनीने ‘जीटीओ’ या गाडीत 389 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचं इंजिन दिलं आणि ही लाट आली. पुढची आठ-नऊ वर्षं अशा गाड्यांची चलती होती. विम्याचे वाढते हप्ते, धुराविषयीचे कडक नियम आणि शेवटी 1973 चं तेलसंकट यांनी ती ओसरली. आज अमेरिकेतल्या कितीतरी घरांच्या गॅरेजमध्ये त्या काळची एखादी गाडी अर्धवट जोडलेल्या अवस्थेत उभी असते.

आपण शेव्हरोलेची 1969 ची ‘कॅमेरो’ समोर ठेवू. तिच्या ‘एसएस’ प्रकारात 350 घनइंचांचं आठ सिलिंडरचं इंजिन मिळत असे. म्हणजे सुमारे 5,700 सीसी. एके काळी मुंबईत टॅक्सी म्हणून धावणाऱ्या आपल्या पद्मिनीचं इंजिन 1,089 सीसीचं होतं, यावरून अंदाज यावा. चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या तिरप्या बसवलेल्या, आणि खाली एकच क्रँक.

या इंजिनाच्या ब्लॉकवर, पुढच्या बाजूला, उजव्या हेडलगत एका छोट्या सपाट जागेवर क्रमांक ठोकलेला असतो. तो गाडीच्या क्रमांकाशी जुळला, तर हे इंजिन कारखान्यातून याच गाडीबरोबर बाहेर पडलं, असं मानतात. जुळणाऱ्या इंजिनाची गाडी आणि न जुळणाऱ्या इंजिनाची गाडी यांच्या किमतीत मोठं अंतर पडतं. म्हणून जाम इंजिनाशी धसमुसळेपणा महाग पडतो. ब्लॉकच फुटला तर मूळ इंजिन गेलं ते गेलंच. आणि ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग मशीनवर घासून घ्यायची वेळ आली, तर ही क्रमांकाची जागाही त्याच पातळीत असल्यामुळे क्रमांक पुसला जाण्याची भीती असते.

तेव्हा पहिला नियम : जोर लावायचा नाही. पान्याला लांब नळी लावून लोंबकळू नका, सेल्फ मारत बसू नका आणि गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढू तर मुळीच नका. दुसरा नियम : स्वतःला प्रश्न विचारा, ‘इंजिन शेवटचं कधी फिरलं होतं आणि त्यानंतर मी काय काय केलं?’

या प्रश्नाची दोन उत्तरं संभवतात. पहिलं : ‘वीस वर्षांत फिरलंच नाही.’ मग बहुधा गंजाचा दोष असतो. इंजिन थांबतं, तेव्हा काही सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात. त्या वाटेने दमट हवा आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटतात. इथे औषध म्हणजे धीर. सगळे स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल ओतावं आणि काही दिवस थांबावं. मग क्रँकच्या पुढच्या टोकाच्या बोल्टला पाना लावून किंचित पुढे, किंचित मागे अशी झुळझुळ हालचाल द्यावी. नाही हललं, तर पुन्हा तेल, पुन्हा प्रतीक्षा. हललं, तरी तसंच चालू करू नये. हेड उतरवून सिलिंडरच्या भिंती पाहाव्यात, कारण गंजाचे खड्डे नव्या रिंगांनाही खाऊन टाकतात.

दुसरं उत्तर अधिक कोड्यात टाकणारं : ‘स्टँडवर छान फिरत होतं, गाडीत बसवलं आणि जाम झालं.’ आपल्या कॅमेरोची गोष्ट हीच आहे. इंजिन नुकतंच जोडलेलं, भाग नवे, तेल ताजं. मालकाच्या मनात लगेच येतं, बेअरिंग धरलं. आता सगळं पुन्हा खोला. पण खोलण्याआधी बाहेरून आत असं, सोप्याकडून अवघडाकडे जावं.

आधी पट्टे सैल करावेत. अल्टरनेटर, पाण्याचा पंप किंवा स्टिअरिंगचा पंप यांपैकी एक जरी अडकला असेल, तरी तो पट्ट्यामार्फत क्रँकला धरून ठेवतो. मग सेल्फची मोटार उतरवावी. तिचं छोटं दातेरी चक्र मोठ्या चक्राच्या दात्यांत रुतून बसलं असेल, तर तेवढ्यानेच इंजिन अडतं.

त्यानंतर आठही स्पार्क प्लग काढावेत. प्लग काढल्याबरोबर इंजिन फिरू लागलं, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल साचलं होतं असं समजावं. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. गॅसकेटमधून पाणी झिरपलं किंवा कार्ब्युरेटर भरून वाहिला, की पिस्टन त्या द्रवावर येऊन अडतो. अशा वेळी सेल्फ मारत राहिलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लगच्या भोकांतून पेट्रोल उडू शकतं. तेव्हा तोंड बाजूला ठेवावं, इग्निशनची वायर काढलेली असावी आणि जवळपास ठिणगी नसावी.

अजूनही फिरत नसेल, तर अडण्याची तऱ्हा पाहावी. थोडं फिरून प्रत्येक वेळी त्याच जागी खट्कन थांबतं, उलटं मात्र फिरतं? मग मध्ये काहीतरी आडवं येतंय. टायमिंगच्या खुणा चुकल्यामुळे व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकत असेल, किंवा कार्ब्युरेटर बसवताना एखादी चाकी आत पडली असेल. पूर्ण फेऱ्यात सगळीकडे सारखंच जड लागतं? मग संशय बेअरिंगांवर जातो. पण मुळीच हलत नाही, ना पुढे ना मागे?

मग एक प्रश्न उरतो : गिअरबॉक्स जोडण्यापूर्वी फिरत होतं ना?

आपल्या गाडीत दोष इथेच निघतो. या गाड्यांपैकी अनेकांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला, मोठ्या डब्यासारखा टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याच्या मानेच्या खाचा गिअरबॉक्सच्या तेलपंपात नीट बसाव्या लागतात. कन्व्हर्टर फिरवत आत ढकलला, की तो टप्प्याटप्प्याने ‘टक्, टक्’ करत खोल जातो. शेवटचा टप्पा राहून गेला, तर तो बोटभर बाहेर राहतो आणि नवख्याला ते दिसत नाही. मग गिअरबॉक्स इंजिनाला पूर्ण टेकत नाही, आणि माणूस काय करतो? बोल्ट आवळून ओढून घेतो. कन्व्हर्टर दोन्हींमध्ये चेपला जातो आणि क्रँकच्या टोकावर असा दाब येतो, की इंजिन जागच्या जागी थांबतं. दोष इंजिनात नसतोच!

याची परीक्षा सोपी आहे. गिअरबॉक्सचे बोल्ट थोडे थोडे सैल करावेत. फट पडताच क्रँक फिरू लागला, तर चोर सापडला. पण तेवढ्यावर थांबू नये. गिअरबॉक्स उतरवून तेलपंप फुटला आहे का, आणि क्रँकचा पुढे-मागे होणारा रेटा झेलणारं बेअरिंग चेपलं आहे का, हे पाहावं. पुन्हा जोडताना गिअरबॉक्स बोल्टविना, हाताने ढकलून इंजिनाला टेकला पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरावा आणि तो व क्रँकमागची पातळ चकती यांच्यात साधारण 3 ते 5 मिलिमीटर फट असावी. मगच त्याचे बोल्ट लावावेत.

आणि इंजिन स्टँडवरच जड झालं असेल तर? तर मात्र आत जावं लागतं. या इंजिनाचा क्रँक पाच मुख्य बेअरिंगांवर बसतो. वरून घट्ट करायच्या बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला लावूनच एकत्र तासलेल्या असतात. म्हणून प्रत्येक कॅप आपल्याच जागी आणि आपल्याच दिशेने बसली पाहिजे. क्रँक आणि बेअरिंग यांत तेलासाठी ठेवलेली जागा मिलिमीटरच्या वीसाव्या भागाएवढी असते. कॅपची अदलाबदल झाली, तर तेवढी जागा संपायला वेळ लागत नाही. रॉडच्या कॅपचंही तेच. शिवाय क्रँकच्या एकेका दांडीवर दोन रॉड शेजारीशेजारी बसतात. रॉडची कड मारलेली बाजू क्रँकच्या गोलाईकडे आणि सपाट बाजू शेजारच्या रॉडकडे यायला हवी. एक रॉड उलटा गेला, की तो गोलाईवर चढतो आणि क्रँकला धरतो.

यावर अनुभवी लोकांची एक सवय फार कामाची आहे. एक कॅप आवळली, की क्रँक फिरवून पाहायचा. एक पिस्टन बसवला, की फिरवून पाहायचा. टायमिंगची साखळी, हेड, गिअरबॉक्स, प्रत्येक पायरीनंतर एक पूर्ण फेरा. नव्या रिंगांमुळे प्रत्येक पिस्टनगणिक थोडा जोर वाढतो, तो स्वाभाविक आहे. पण एखाद्या पायरीला एकदम फरक पडला, तर दोष त्याच पायरीत आहे. पाच मिनिटांपूर्वीची चूक सुधारायला पाच मिनिटं लागतात. तीच शेवटी उघडकीला आली, तर महिना जातो.

एक गोष्ट मात्र हाताला कळत नाही. रिंगच्या दोन टोकांमधली फट कमी ठेवली असेल, तर इंजिन थंड असताना सुरळीत फिरतं. तापल्यावर रिंग फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि चालत्या इंजिनात पिस्टन धरतो. म्हणून ही फट फीलर गेजने आधीच मोजावी. चार इंच व्यासाच्या या सिलिंडरला ती साधारण 0.4 मिलिमीटर लागते. तसंच, पहिल्यांदा चालू करण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिल मशीनने तेलपंप फिरवून सगळीकडे तेल पोचवावं. कोरडी बेअरिंगं काही क्षणांतच खराब होतात.

तुमच्या दारात कॅमेरो नसेल. जुनी जीप असेल, आजोबांची पद्मिनी असेल. तिला टॉर्क कन्व्हर्टर नसेल, पण क्रँक, पिस्टन, बेअरिंग तेच आणि विचारण्याचा क्रमही तोच. ती अडली, तर लांब पाना शोधायला धावू नका. खुर्ची घेऊन गाडीशेजारी बसा, आणि शेवटचं फिरल्यानंतर काय काय केलं, ते एका कागदावर क्रमाने लिहून काढा. पुष्कळदा दोष त्या कागदावरच, शेवटच्या दोन-तीन ओळींत सापडतो.