प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आणि गुदनलिकेतील कर्करोगपूर्व अवस्था

गुदनलिकेच्या अस्तरातील पेशींमध्ये झालेले, पण अस्तराखालील ऊतींत अद्याप न शिरलेले विकृत बदल म्हणजे गुदनलिकेतील कर्करोगपूर्व अवस्था होय. वैद्यकात तिला ‘अ‍ॅनल इंट्राएपिथेलियल निओप्लेझिया’ (लघुरूप: एआयएन) म्हणतात. अवयव प्रत्यारोपणानंतर किंवा ल्युपस, क्रोन्स यांसारख्या विकारांवर ज्यांना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात, त्यांच्यात ही अवस्था सर्वसामान्यांपेक्षा अधिक आढळते. ‘कर्करोगपूर्व’ हा शब्द ऐकून रुग्ण हबकतो. परंतु त्याचा अर्थ ‘कर्करोग होण्यापूर्वीचा’ एवढाच आहे, ‘कर्करोग होणारच’ असा नाही.

कारण

या बदलांच्या मुळाशी बहुधा ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस (एचपीव्ही) हा विषाणू असतो. त्याच्या शंभराहून अधिक प्रकारांपैकी १६ क्रमांकाचा प्रकार येथे सर्वाधिक घातक ठरतो. गुदाशयाची स्तंभीय अभिस्तर ऊती आणि बाहेरील त्वचेकडील पट्टकी अभिस्तर ऊती जेथे मिळतात, तो दंतुर रेषेलगतचा पट्टा या विषाणूस विशेष बळी पडतो. गर्भाशयमुखावरही असाच संधिप्रदेश असतो; म्हणून दोन्ही ठिकाणच्या आजारांची वाटचाल बरीचशी सारखी आहे. विषाणूची ई-६ व ई-७ ही प्रथिने पेशीविभाजनावर लगाम ठेवणारी पी-५३ आणि आरबी ही प्रथिने निकामी करतात.

हा विषाणू बहुतेक लैंगिक जीवन जगणाऱ्या व्यक्तींना कधी ना कधी गाठतो, आणि निरोगी शरीर बहुधा तो वर्षा-दोन वर्षांत आटोक्यात आणते. हे काम मुख्यतः टी-पेशींचे. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट, अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टिरॉइडे नेमकी याच पेशींची धार बोथट करतात. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये, यासाठी ते आवश्यकच असते. पण त्यामुळे सुप्त विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि ठाण मांडतो. औषधांचा काळ जितका लांबतो, तितका धोका वाढतो. धूम्रपानाने त्यात भर पडते.

संसर्गासाठी गुदमैथुन झालेलेच असावे लागते, हा समज चुकीचा आहे. लगतच्या भागांतून व स्पर्शानेही विषाणू पसरतो. योनिमुखाचा वा गर्भाशयमुखाचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था झालेल्या स्त्रियांना हा धोका अधिक असतो. निदान लांबण्यात या गैरसमजाचा आणि त्यापोटी येणाऱ्या संकोचाचा मोठा वाटा आहे.

लक्षणे व निदान

या अवस्थेत बहुधा कोणतेच लक्षण नसते. कधी खाज, थोडे रक्त, चामखिळीसारखी वाढ किंवा बोटाला लागणारा टणकपणा जाणवतो. आपल्याकडे गुदद्वाराच्या प्रत्येक तक्रारीला ‘मूळव्याध’ म्हणण्याचा प्रघात असल्याने महिनोन्‌महिने मलमांवर जातात. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्याने अशी तक्रार डॉक्टरांना सांगताना त्या औषधांचाही उल्लेख करणे महत्त्वाचे असते.

बोटाने केलेली तपासणी साधी व बिनखर्चाची असून तिने गाठ कळू शकते. ओलसर बोळ्याने पेशी घेऊन त्यांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी किंवा एचपीव्ही चाचणी केली जाते. दोष आढळल्यास भिंगातून गुदनलिका पाहतात. सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावल्यावर विकृत भाग पांढुरका दिसतो आणि तेथील बायॉप्सी घेतात. निश्चित निदान बायॉप्सीनेच होते. या भिंगतपासणीसाठी विशेष प्रशिक्षण लागते आणि भारतात तिची सोय मोजक्याच ठिकाणी आहे. ती नसेल तेथे निदान बोटाने तपासणी तरी नियमित व्हावी, अशी शिफारस आहे.

बदल सौम्य व तीव्र अशा दोन श्रेणींत मांडतात. सौम्य बदल अनेकदा आपोआप ओसरतात. खरी चिंता तीव्र श्रेणीची असते. आंतरराष्ट्रीय अ‍ॅनल निओप्लेझिया सोसायटीच्या २०२४ मधील मार्गदर्शनानुसार, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांची चाळणी तपासणी प्रत्यारोपणानंतर १० वर्षांपासून सुरू करावी.

उपचार

तीव्र श्रेणीचे बदल विद्युत्‌दहनाने वा अवरक्त किरणांनी जाळतात. ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल, फ्लुरोयुरॅसिल व इमिक्विमॉड हे लावण्याचे पर्यायही आहेत. इमिक्विमॉड प्रतिकारशक्तीला चेतवते, म्हणून प्रत्यारोपितांमध्ये ते जपून वापरतात. विस्तृत भाग कापून काढल्यास गुदद्वार आक्रसणे किंवा मलनियंत्रण जाणे असे परिणाम होऊ शकतात. त्यामुळे तेवढाच दोषी भाग नष्ट करण्याकडे आता कल आहे.

उपचाराचा लाभ २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अँकर’ या अमेरिकी चाचणीत दिसला. एचआयव्हीबाधित ३५ वर्षांवरील सुमारे ४,४०० व्यक्तींमध्ये तीव्र बदलांवर उपचार केल्याने कर्करोगाचे प्रमाण केवळ निरीक्षणाच्या तुलनेत ५७ टक्क्यांनी घटले. ही चाचणी प्रत्यारोपितांवर झालेली नाही. तिचे निष्कर्ष त्यांना लावले जातात ते साधर्म्याने.

वेळीच पकडण्याचे महत्त्व मूत्रपिंड प्रत्यारोपितांत वेगळेच आहे. गुदनलिकेच्या कर्करोगावरील मुख्य उपचार किरणोत्सर्ग व रसायनोपचार हा असतो, आणि प्रत्यारोपित मूत्रपिंड ओटीपोटात, किरणांच्या टप्प्यात बसवलेले असते. म्हणजे कर्करोग झाल्यास तो बरा करताना मूत्रपिंडच धोक्यात येऊ शकते. मात्र या भीतीने औषधे स्वतःहून कमी करणे त्याहून घातक असते. मात्रा बदलण्याचा निर्णय प्रत्यारोपण तज्ज्ञांचा.

उपचारानंतर बदल पुन्हा उद्भवणे सामान्य असल्याने पाठपुरावा वर्षानुवर्षे चालतो.

प्रतिबंध

एचपीव्ही लशींत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे प्रतिकारशक्ती दडपलेल्यांनाही त्या देता येतात. सहसा तीन मात्रा लागतात. प्रतिसाद मंद राहत असल्याने शक्य तेथे प्रत्यारोपणापूर्वीच लस घेणे श्रेयस्कर. आधीच झालेला संसर्ग लशीने जात नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस २०२३ पासून भारतात उपलब्ध असून ती ६, ११, १६ व १८ या प्रकारांविरुद्ध, ९ ते २६ वर्षे वयाच्या मुली-स्त्रिया व मुलगे-पुरुष या दोहोंसाठी आहे.