पाणी दिलेले पोलाद

श्रोतेहो, आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पोलादावर बोलायला आम्ही उभे राहिलो याचे काहींना नवल वाटेल. या विषयाचा पहिला धडा आम्हांला एका फुटक्या छिन्नीने दिला.

1996 साली एका कारखान्यात हातोडा मारताना छिन्नीच्या डोक्याचा टवका उडाला आणि आमच्या एका सोबत्याचा डोळा गेला. चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असा शेरा पडला. पोलाद तर उत्तम प्रतीचे होते. मग ते फुटले कसे? उत्तर शोधण्यासाठी आम्ही पुस्तके उघडली.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. छिन्नीच्या पोलादात शंभर भागांत पाऊण ते एक भाग. थंड लोखंडाच्या अणुरचनेत कार्बनला जवळजवळ जागाच नसते. परंतु 727 अंश सेल्सिअसच्या वर ती रचना बदलू लागते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. तिला लोहचुंबक चिकटत नाही. म्हणून चुंबक लावून भट्टीतल्या पोलादाची परीक्षा करता येते.

खरी मेख आहे ती निवविण्यात. तापलेला तुकडा राखेत सावकाश निवू दिला, तर कार्बनला बाहेर पडायला अवधी मिळतो. नरम लोखंड आणि कठीण लोहकार्बाइड यांचे पातळ थर एकाआड एक बसतात. हा पर्लाइट. त्यावर कानस चालते. तोच तुकडा लालभडक असताना पाण्यात बुडवला, तर कार्बन आतच कोंडतो आणि अणुरचना ताणली जाते. हा मार्टेन्साइट, जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून हे नाव पडले. कठीणपणा तिपटीहून अधिक वाढतो, पण पोलाद काचेसारखे ठिसूळ होते.

म्हणून पाणी दिल्यावर पुन्हा बेताची ऊब द्यावी लागते. यालाच टेंपर करणे म्हणतात. घासून लख्ख केलेल्या पात्यावर 230 अंशांच्या सुमारास गवती पिवळा रंग चढतो, 300 च्या सुमारास निळा. कोंडलेला कार्बन बारीक कणांच्या रूपाने सुटतो. थोडा कठीणपणा जातो, पण चिवटपणा येतो. छिन्नीची धार जांभळ्या-निळ्या रंगावर आणतात. डोके मात्र मुळातच नरम ठेवायचे असते.

क्रोमियम, मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादात हे स्थित्यंतर मंदावते. म्हणून ते तेलात, काही वेळा नुसत्या हवेतही कठीण होते आणि तडकण्याचा धोका कमी होतो. टंगस्टन आणि क्रोमियम असलेले पोलाद वितळण्याच्या बेताला तापवले, तर त्याचे हत्यार लाल झाले तरी कापत राहते, हे अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांनी दाखवले. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ते जगाने पाहिले. घड्याळ लावून कामगारांचे काम मोजणारा टेलर तो हाच. पोलादाबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. घड्याळाबद्दलचे भांडण अजून मिटलेले नाही.

असो. त्या छिन्नीच्या डोक्यावर आम्ही साहेबांच्या टेबलापाशी कानस फिरवली. ती घसरली. घाईच्या पाळीत सबंध छिन्नी पाण्यात टाकली गेली होती आणि टेंपर करायचे राहून गेले होते. शेरा बदलला, डोळा परत आला नाही.

बंधुभगिनींनो, नवी छिन्नी हाती आली की तिच्या डोक्यावर आधी कानस फिरवून पाहा. कानस घसरली, तर ती छिन्नी परत करा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.